रक्त टिपणं आणि रक्त थांबवणं

मागच्या दोन व्याख्यानांत आपण कारण म्हणजे काय याचा विचार केला. समवायी, असमवायी, निमित्त अशी नावं घेतली. त्यावर काही श्रोत्यांनी कळवलं की घडा, माती आणि कुंभार यांच्या पलीकडचं एखादं उदाहरण द्या. मान्य आहे. आज घडा येईल, पण एकदाच, आणि तोही उशिरा. आजचं उदाहरण कापसाचं आहे, मेणाचं आहे आणि रक्ताचं आहे.

एक खुलासा आधीच करतो. आमच्या नावाआधी डॉक्टर लागतं, पण ते तत्त्वज्ञानातलं. त्याने कुणाचा ताप उतरत नाही. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते शल्यचिकित्सकांच्या पुस्तकांतून आणि त्यांच्याशी बोलून समजून घेतलेलं आहे. ते औषधोपचार म्हणून घेऊ नका, विचार करायला घ्या.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे शस्त्रक्रिया म्हटलं की जुन्या माणसांना हेमलकसा आठवतं. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात गेले. कित्येक वर्षं तिथे वीज नव्हती. अस्वलाने चेहरा आणि डोक्याची कातडी फाडलेली माणसं त्यांच्यासमोर आणली जात, आणि होत्या त्या साधनांनी टाके घातले जात. डोक्याच्या कातडीचं रक्त इतकं का वाहतं, हे समजून घेण्यासारखं आहे. इतर ठिकाणी रक्तवाहिनी तुटली की ती आकसते आणि आत ओढली जाते. डोक्याच्या कातडीत तिच्याभोवती घट्ट तंतूंचं जाळं असतं, ते तिला उघडीच धरून ठेवतं. म्हणून लहान जखमेलाही धार लागते. पण तिथे एक सोय आहे. खाली कवटीचं हाड आहे. वरून घट्ट दाबून धरा, रक्त थांबतं. दाब हा रक्त थांबवण्याचा सगळ्यात जुना, सगळ्यात स्वस्त आणि आजही पहिला उपाय आहे.

आता प्रश्न असा: जिथे दाबताच येत नाही तिथे काय करायचं?

हा प्रश्न आपल्या भागात नुसता पुस्तकी राहिलेला नाही. गडचिरोलीजवळ धानोरा रस्त्यावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं शोधग्राम आहे. तिथल्या दवाखान्याला आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचं नाव आहे. मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे सहकारी तिथे येऊन पाठीच्या मणक्यांच्या शस्त्रक्रिया करत आले आहेत. मणक्याचं दुखणं हे शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्यांचं, असा एक समज आहे. तो समज असणाऱ्याने आषाढात धानाची रोवणी बघावी. दिवसभर कंबरेत वाकून, घोटाभर चिखलात. त्याच्या आधी उन्हाळ्यात मोहफूल वेचायचं तेही वाकूनच, तेंदूपत्ता तोडायचा तोही वाकून, आणि वर्षभर सरपणाची मोळी डोक्यावर आहेच. कंबर गेली की त्या घरातली मजुरी गेली.

मणक्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन जिथे पोचतो ती जागा डोळ्यांसमोर आणा. मणक्यांच्या मधून एक हाडाची नळी जाते. कंबरेच्या भागात पुढून मागे तिची रुंदी साधारण दीड सेंटिमीटर. दहा मिलिमीटरच्या खाली गेली की तिला अरुंद म्हणतात आणि माणूस चालताना पायात मुंग्या येऊन बसतो. त्या नळीत ड्यूरा नावाच्या आवरणाच्या पिशवीत मज्जातंतू आहेत. पिशवी आणि हाड यांच्या फटीत थोडी चरबी आणि पातळ भिंतींच्या शिरांचं जाळं. या शिरांतून रक्त यायला लागलं की ते धारेने येत नाही, ते पाझरतं आणि सगळं खड्ड्यासारखं भरून जातं. सर्जनला दिसेनासं होतं. आणि दाबायचं कुठे? खाली मज्जातंतू आहेत. अस्वलाच्या जखमेवर चालणारा अंगठा इथे चालत नाही.

एक गंमत बघा. इथला रक्तस्राव कमी करण्याचा पहिला उपाय कुठल्याही पुडीत मिळत नाही. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की मणक्यातल्या या शिरांना झडपा नसतात आणि त्या पोटातल्या शिरांशी जोडलेल्या असतात. म्हणजे पोट दाबलं गेलं की तिथलं रक्त उलट मणक्याकडे येतं. म्हणून रोग्याला पालथं झोपवताना छातीखाली आणि कंबरेच्या हाडांखाली उशा किंवा चादरींच्या गुंडाळ्या देऊन पोट मोकळं, अधांतरी ठेवतात. महागडा पदार्थ वापरण्याआधी रोगी नीट झोपवला आहे की नाही ते बघायचं. आम्हाला यात कारणमीमांसेचा मोठा धडा वाटतो. रक्त का वाहतंय हे समजलं तर निम्मं काम ते थांबवण्याआधीच होतं.

आता कापसाकडे येऊ. चंद्रपूर जिल्ह्याची पूर्वेकडची अंगं धानाची, पश्चिमेकडची कापसाची. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना इथल्या माणसाला कापूस शिकवायची गरज नाही. पण एक प्रश्न विचारतो. शेतातून वेचलेलं बोंड, सरकी काढून, पाण्याच्या बादलीत टाकलं तर काय होईल? ते तरंगेल. आणि दवाखान्यातला कापूस टाकला तर? तो काही सेकंदांत तळाशी जाईल. औषधकोशातली कसोटीच ती आहे. ठरावीक मापाच्या जाळीच्या टोपलीत कापूस भरून पाण्यावर सोडायचा. तो १० सेकंदांच्या आत बुडाला पाहिजे. आणि त्याने आपल्या वजनाच्या निदान २३ पट पाणी धरलं पाहिजे.

दोन्ही कापूसच. मग फरक कुठे? कापसाच्या तंतूवर निसर्गाने मेणाचा एक पातळ थर दिलेला असतो. वजनाने तो एक टक्क्याच्या आसपासच, पण पाऊस आणि दव यांच्यापासून तंतूचं रक्षण तो करतो. तो थर आहे तोवर पाणी आत शिरत नाही. कापूस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात दाबाखाली उकळला की मेण आणि पेक्टिन निघून जातं, उरतं जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. मग धुणं, विरंजन, वाळवणं, पिंजणं. १८८० मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन जोसेफ सॅम्पसन गॅमजी यांनी असा तेल काढलेला कापूस जाळीच्या कापडात गुंडाळून जखमांसाठी वापरायला सुरुवात केली, आणि जर्मनीत व्हिक्टर फॉन ब्रुन्स हेही त्याच वाटेने गेले होते. त्याआधी जखमेवर जुन्या कापडाच्या चिंध्या आणि खरवडून काढलेले धागे असत.

इथे आपल्या देशी कापसाची एक गोष्ट सांगायलाच हवी. गावरान देशी कापसाचा धागा आखूड आणि जाड. गिरण्यांना लांब, बारीक धागा हवा, म्हणून बाजारात त्याला कमी लेखलं गेलं. पण औषधी कापसाला हाच आखूड, जाड, राठ तंतू चांगला. तो दबून लगदा होत नाही, तंतूंमध्ये पोकळी राहते आणि त्या पोकळीत केशाकर्षणाने पाणी चढतं. ज्याला एका बाजारात दोष म्हटलं तो दुसऱ्या कामात गुण ठरला. गुण वस्तूत असतो की वस्तू आणि काम यांच्या नात्यात असतो, यावर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाले. उत्तर काहीही द्या, भाव मात्र शेतकऱ्याला मिळाला पाहिजे.

जाता जाता हेही सांगतो की बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आपल्या जंगलातला बांबू जायचा, त्याच्या लगद्यात जो मुख्य पदार्थ तोच कापसात: सेल्युलोज. लाकडाच्या लगद्यापासून विरघळवून पुन्हा ओढलेला धागा म्हणजे रेयॉन. तोही शस्त्रक्रियेच्या पट्ट्यांत वापरतात. हा सेल्युलोज थोड्या वेळाने वेगळ्या रूपात परत येणार आहे.

तर पट्टी. मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रियेत कापसाचा बोळा चालत नाही. बोळ्याचे तंतू सुटतात, आत राहतात आणि शरीर त्यांच्याभोवती गाठ धरतं. म्हणून दाबून सपाट केलेली, कडा न सुटणारी, नखाएवढी ते बोटाएवढी पट्टी करतात. इंग्रजीत तिला पॅटी म्हणतात, आपणही तेच म्हणू या. तिला एका टोकाला लांब दोरा असतो, तो जखमेबाहेर लोंबत राहतो. ती वापरायच्या आधी सलाइनमध्ये भिजवतात. कोरडी पट्टी गुठळीला चिकटते आणि उचलताना गुठळी घेऊनच येते, म्हणजे थांबलेलं रक्त पुन्हा सुरू. ओली पट्टी मज्जातंतूवर अंथरायची, तिच्यावर रक्त ओढणाऱ्या नळीचं टोक टेकवायचं. नळी पट्टीतून द्रव ओढते, पण खालच्या नाजूक भागाला स्पर्श करत नाही. चहाच्या गाळणीचं काम आणि गादीचं काम, दोन्ही एकाच वेळी.

आता मुद्द्यावर या. ही पट्टी रक्त थांबवते का?

बहुतेक जण हो म्हणतील. आम्ही म्हणतो, नाही. पट्टी रक्त टिपते. रक्त थांबवतं ते रक्तच. रक्तवाहिनी तुटली की ती आकसते, तिथे प्लेटलेट चिकटतात, मग रक्तातल्या प्रथिनांची साखळी सुरू होऊन शेवटी फायब्रिनच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं. पट्टी काय करते? हलका दाब देते, जागा स्थिर ठेवते, समोरचं दिसू देते, आणि या सगळ्याला लागणारी काही मिनिटं मिळवून देते. न्यायाच्या भाषेत बोलायचं तर पट्टी निमित्त आहे, सहकारी आहे. गुठळी घडते ती रक्ताच्या द्रव्यातून. हा फरक नुसता शब्दांचा नाही, याचा पुरावा आपल्याच शेतात फिरतो.

घोणस चावलेला माणूस. घोणशीचं आणि फुरशाचं विष रक्तातली गोठण्याची प्रथिनं वापरून संपवून टाकतं. अशा रोग्याचं दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करून बघतात. निरोगी माणसाचं रक्त तोवर घट्ट झालेलं असतं. याचं पाण्यासारखं वाहतं. तालुक्याच्या दवाखान्यात, वीज गेली तरी करता येणारी ही तपासणी आहे. अशा रोग्याच्या जखमेवर तुम्ही जगातला उत्तम कापूस ठेवा. तो भिजत राहील, तुम्ही बदलत राहाल, रक्त चालू राहील. तिथे इलाज विषाचा, म्हणजे प्रतिविषाच्या इंजेक्शनचा. पट्टी तीच, हात तेच, पण द्रव्य हरवलं तर निमित्त काय करणार?

याच कसोटीवर बाकीचे पदार्थ घासून बघू.

मेण. कापलेल्या हाडातून रक्त पाझरतं आणि हाडाची छिद्रं आकसू शकत नाहीत. लंडनचे व्हिक्टर हॉर्स्ली यांनी १८९२ मध्ये मधमाशीचं मेण, बदामाचं तेल आणि थोडं सॅलिसिलिक आम्ल यांचं मिश्रण त्यासाठी सुचवलं. आजही हाडाचं मेण म्हणून जे मिळतं त्याचा आधार मधमाशीचं मेणच असतो. आपल्या जंगलात आग्या मोहोळाचं पोळं उतरवल्यावर मध विकला जातो, मेण मात्र चुलीपाशी पडून राहतं, तेच द्रव्य. बोटांत मळून मऊ करायचं आणि हाडाच्या छिद्रांवर चोळायचं. हे मेण गुठळीच्या भानगडीत पडतच नाही. ते फक्त बूच आहे. घोणस चावलेल्याच्या हाडावरही ते चालेल. पण त्याची किंमत अशी की शरीर ते विरघळवत नाही. वर्षांनीही ते तिथेच असतं, हाड जुळायला आडवं येतं, जंतूंना आसरा देतं. म्हणून सांगतात, लावा, पण जास्तीचं खरवडून काढा.

मग शरीरात विरघळेल असं काही? १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया फ्रान्ट्झ यांनी ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज शस्त्रक्रियेसाठी आणलं. आपला तोच सेल्युलोज, नायट्रोजन डायऑक्साइडची प्रक्रिया केलेला. दिसायला विणलेल्या जाळीच्या कापडासारखं. रक्ताला लागलं की ते आम्लधर्मी होतं, रक्त काळपट तपकिरी होऊन त्यावर चिकटतं, आणि त्या आम्लतेत जंतूंनाही वाढणं अवघड जातं. काही दिवसांत ते विरघळायला लागतं. एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा. थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं प्रथिन या जाळीवर ओतलं तर उपयोग होत नाही, कारण आम्लात थ्रॉम्बिन निकामी होतं. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की अधिक चांगलं होतंच असं नाही.

आणि १९४५ पासून जेलाटिनचा स्पंज. हलका, पांढरा, पावासारखा. आपल्या वजनाच्या चाळीसपटीहून जास्त रक्त तो धरतो आणि चार ते सहा आठवड्यांत शरीरात जिरून जातो. त्याच्या छिद्रांत प्लेटलेट अडकतात, गुठळीला आधार मिळतो. थ्रॉम्बिनमध्ये भिजवून वापरायचा असेल तर हाच.

इथवर सगळं छान. पण त्या दीड सेंटिमीटरच्या नळीकडे परत या. जाळी फुगते. स्पंजही फुगतो. पोटात किंवा यकृतावर फुगला तर जागा आहे. हाडाच्या बंद नळीत फुगला तर तो मज्जातंतूंनाच दाबतो. छातीच्या शस्त्रक्रियेत मणक्याच्या कडेला ठेवलेली जाळी सरकून नळीत गेली आणि रोग्याचे पाय लुळे पडले, अशी प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. 'विरघळणारं आहे, राहू दे' हे वाक्य म्हणून धोक्याचं. विरघळेल ते काही आठवड्यांनी, फुगेल ते आज संध्याकाळी. रक्त थांबलं की शक्य तितकं काढून घ्या, हाच मणक्यातला नियम.

सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार मार्ग सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखमेची तोंडं जुळवणं, थंडाव्याने रक्त घट्ट करणं, राखेने कोरडं करणं, आणि डाग देऊन शिर आकसवणं. लोध्र, राळ, गेरू अशा चूर्णांची यादीही तिथे आहे. आजच्या सगळ्या पदार्थांची नावं तिथे आधीच होती असं म्हणणारे लोक आम्हाला भेटतात. तसं काही नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. कौतुक याचं आहे की वर्गीकरण पदार्थावरून केलेलं नाही, तो पदार्थ कोणत्या रीतीने काम करतो यावरून केलेलं आहे. दहन आज विजेने होतं. बोस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी बोव्ही यांचं विजेचं यंत्र १९२६ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरलं, आणि त्याच कुशिंग यांनी त्याआधी १९११ मध्ये शिरा बंद करायला चांदीच्या बारीक चिमट्या आणल्या होत्या. विजेचं विस्ताराने सांगत नाही, तो वेगळा विषय आहे.

आपल्या गावांत जखमेवर दगडी पाला चोळतात, हळद दाबतात. विळ्याने बोट कापलं तर चालून जातं. चुना, तंबाखू, चुलीतली राख मात्र नको.

आता आपल्या भागाची खास अडचण. सिकलसेल. विदर्भाच्या या पट्ट्यात हा आजार घराघरांत सापडतो. अशा रोग्याचं हिमोग्लोबिन आधीच कमी, त्यात थंडी, पाणी कमी पडणं किंवा प्राणवायू कमी पडणं यांनी त्याच्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्ताची पिशवी हवी तर ती दूरवरून आणायची. म्हणजे इथे तीनशे मिलिलिटर रक्त जाणं आणि मुंबईत तीनशे मिलिलिटर रक्त जाणं, आकडा एक असला तरी गोष्ट एक नाही.

आणि इथेच टिपणारा कापूस एक फसवणूक करतो. तो रक्त लपवतो. बादलीत सांडलेलं रक्त दिसतं, कापसात शिरलेलं दिसत नाही. डोळ्यांचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी येतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी बाळंतपणात हे तपासलं होतं. बाईखाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजलं, तेव्हा नुसत्या नजरेचा अंदाज त्याहून सुमारे एक तृतीयांश कमी निघाला. शस्त्रक्रियेत यावर साधा उपाय आहे: तराजू. भिजलेल्या कापडाच्या घड्या वजन करा, कोरड्याचं वजन वजा करा, जितके ग्रॅम तितके साधारण मिलिलिटर. किराणा दुकानात चालणारी गोष्ट शस्त्रक्रियेच्या खोलीतही चालते.

आता तो घडा. कबूल केल्याप्रमाणे.

शस्त्रक्रिया संपत आली. सर्जनने खाली बघितलं, पट्टी कुठे दिसत नाही. म्हणजे आत पट्टी राहिलेली नाही, असं म्हणता येईल का?

आपल्या दर्शनांत या प्रश्नावर कित्येक शतकं वाद झाला आहे. जमिनीवर घडा नाही, हे मला कशाने कळतं? कुमारिल भट्टांचे अनुयायी मीमांसक म्हणतात, अनुपलब्धी हे वेगळंच प्रमाण आहे. घडा न मिळणं, हेच घडा नसल्याच्या ज्ञानाचं साधन. नैयायिक म्हणतात वेगळं प्रमाण नको, अभाव डोळ्यांनाच दिसतो. प्राभाकर म्हणतात अभाव म्हणजे नुसती रिकामी जमीन. पण अनुपलब्धीवरून अभाव ठरवणाऱ्यांना एक अट घालावीच लागली. न दिसण्यावरून 'नाही' म्हणायचं असेल तर ती वस्तू अशी पाहिजे की असती तर दिसलीच असती. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात. बौद्ध धर्मकीर्तीही वेगळ्या शब्दांत हीच अट घालतो. आणि उदाहरण म्हणून पिशाच येतं. खोलीत पिशाच दिसत नाही, म्हणून पिशाच नाही असं म्हणता येत नाही, कारण पिशाच असतं तरी दिसलं नसतं. घड्याचं तसं नाही. उजेड आहे, डोळे ठीक आहेत, घडा असता तर दिसला असता. दिसला नाही, म्हणजे नाही.

रक्ताने माखलेली पट्टी जखमेच्या तळाशी गेली की तिचा रंग भोवतालच्या मांसाचाच होतो. ती असूनही दिसत नाही. म्हणजे ती घडा राहत नाही, पिशाच होते. आणि गेल्या शंभर वर्षांत या पट्टीत ज्या सुधारणा झाल्या त्या सगळ्या एकाच दिशेच्या आहेत: पिशाचाचा पुन्हा घडा करायचा. दोरा बाहेर लोंबता ठेवला, म्हणजे पट्टी न दिसली तरी दोरा दिसेल. त्या दोऱ्याला रंग दिला. पट्टीत बेरियम सल्फेटची रेघ घातली, म्हणजे एक्स-रेत ती पांढरी उमटेल. आतल्या अंधारातही ती 'दिसण्यायोग्य' झाली. म्हणूनच एक नियम पाळतात: दोरा कापायचा नाही, पट्टी अर्धी करायची नाही. गरज म्हणून अर्धी केली तर एका अर्ध्याला दोरा असेल, रेघ असेल, दुसऱ्याला काहीच नसेल.

शरीरात राहून गेलेल्या कापसाच्या गाठीला वैद्यकात नावही आहे, गॉसिपिबोमा. कापसाचं लॅटिन नाव गॉसिपियम, त्यातून ते आलं. ही गाठ महिन्यांनी, कधी वर्षांनी कळते. रोगी पुन्हा पाठदुखी घेऊन येतो, तपासणीत गोळा दिसतो, कधी तो कर्करोगच वाटतो.

म्हणून मोजणी. सुरुवातीला किती पट्ट्या, बंद करण्याआधी किती, कातडी शिवताना किती. दोघांनी मिळून, मोठ्याने, फळ्यावर लिहून. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची जी १९ मुद्द्यांची यादी दिली तिच्यात रोगी खोलीबाहेर जाण्याआधीचा एक मुद्दा हाच आहे. शिबिरात याचं महत्त्व जास्त, कारण माणसं वेगवेगळ्या गावांहून आलेली, रोज एकत्र काम करणारी नसतात, आणि एकामागून एक रोगी टेबलावर येत असतो. कालच्या पुड्यातली एक पट्टी आजच्या ताटात आली की आकडा बिघडला.

पण मोजणी हे अनुमान आहे. तीस आल्या, तीस गेल्या, म्हणून आत नाही. सुरुवातीचे तीस खरोखर तीस होते का? पुडक्यात दहाऐवजी अकरा असतील तर? पट्टी आत राहून गेल्याच्या बऱ्याच प्रकरणांत नोंदवहीत 'मोजणी बरोबर' असंच लिहिलेलं आढळलं आहे. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि कागद स्वच्छ दिसतो. म्हणून मोजणी जुळली नाही तर आधी जमीन, चादरी, कचऱ्याची बादली, रक्त ओढण्याची बाटली शोधायची, आणि तरी नाही मिळाली तर जखम बंद करण्याआधी एक्स-रे. तो नुसता यंत्राचा वापर नाही. तिथे आपण अनुमान सोडून योग्य अनुपलब्धीकडे जातो: पट्टी असती तर इथे पांढरी रेघ दिसली असती.

वेळ संपत आली. चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न आलाय, तो घेतो. विचारलंय, तो जेलाटिनचा स्पंज कशापासून करतात?

नेहमी मिळणारा स्पंज डुकराच्या कातडीच्या जेलाटिनपासून करतात. कोलॅजनचे काही पदार्थ गाईगुरांपासून येतात. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून केलेला कायटोसानही आहे, तो तांबड्या पेशींना विद्युतभाराने ओढून घेतो. पूर्ण वनस्पतीजन्य म्हणाल तर सेल्युलोजची जाळी. म्हणजे कुणाला धर्मामुळे किंवा पथ्यामुळे अडचण असेल तर पर्याय सहसा निघतो, फक्त सर्जनला ते आधी माहीत असलं पाहिजे, आणि घरच्यांनाही विचारायला संकोच वाटता कामा नये. संमतीपत्रावर सही घेतात तेव्हा हा प्रश्न विचारा. रोगी भूल देऊन पालथा झोपवल्यावर आणि पोट मोकळं केल्यावर विचारून उपयोग नाही.

पुढच्या व्याख्यानात अभावाचे चार प्रकार घेऊ: प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अन्योन्याभाव आणि अत्यंताभाव. चिठ्ठ्या त्याआधी पाठवल्या तर बरं.